काकांनी न काढलेली नळी

बॅटरीकाका हे नाव कुणी पाडलं ते सांगता येणार नाही, पण का पडलं ते त्या रस्त्यावरच्या कुणालाही विचारा. गाडी गॅरेजात शिरली आणि बॉनेट वर झालं, की काकांचा पहिला शब्द ठरलेला असायचा, "आधी बॅटरी." हॉर्न वाजत नाही म्हणून आलेल्याचीही ते आधी बॅटरी सोडवायचे. शेजारचा छापखानेवाला म्हणायचा, "काकांकडे नुसता पत्ता विचारायलाही थांबू नका, बॅटरी काढून हातात देतील." काका हसायचे. बॅटरी सोडवली की दोन पावलं मागे सरून हवा हुंगायची, खाली वाकून जमीन कोरडी आहे ना ते बघायचं, आणि सगळं ठीक वाटलं की मगच ती पुन्हा जोडून तपासणीला लागायचं, असा त्यांचा क्रम होता. बघणाऱ्याला ती शिस्त वाटायची. खरं कारण काय ते फक्त त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, माहीत होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी काका आणि त्यांचा थोरला भाऊ एका मोठ्या वर्कशॉपमध्ये शेजारी शेजारी काम करत. इंजेक्शनच्या गाड्या तेव्हा नुकत्याच यायला लागल्या होत्या. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल आपलं निमूट वाहतं. इंजेक्शनच्या गाडीत पंप ते नळीत दाबून ठेवतो, आणि इंजिन बंद केल्यावरही तो दाब कितीतरी वेळ तसाच राहतो. हे दोघांनाही तोंडपाठ होतं. तरी एका दुपारी, जेवायच्या आधी एवढा एक फिल्टर बदलून टाकू म्हणून काकांनी गरम गाडीचा जोड तसाच सैल केला. फुस्स असा आवाज झाला. पेट्रोलची बारीक धार भावाच्या शर्टावरून जाऊन टांगलेल्या दिव्यावर आदळली आणि बल्ब फुटला.

पुढचं काकांना सलग आठवत नाही. भाऊ वाचला. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटून गेली, मानेची कातडी तांबूस आणि गुळगुळीत झाली. त्याने हा धंदा सोडला आणि एका गोदामाच्या फाटकावर नोकरी धरली. काकांना तो कधी टाकून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं काकांना पुष्कळदा वाटायचं.

त्यानंतर काकांनी स्वतःचं छोटं गॅरेज काढलं आणि मनाशी एक गाठ मारली, की दाबाखालच्या पेट्रोलच्या नळीला आपण हात लावायचा नाही. दोन गल्ल्या सोडून एक पंपवाला होता, तो फक्त टाक्या आणि पंप करायचा. नळी उघडायची वेळ आली की काका त्याला बोलावायचे आणि तेवढ्या वेळात काहीतरी काम काढून रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहायचे.

पण उघडायचं नाही म्हटलं की बाहेरूनच ओळखता आलं पाहिजे. त्यातून काकांचा हात तयार होत गेला. वीस-बावीस वर्षांच्या जुन्या इंजेक्शनच्या गाड्या म्हणजे मोठी पंचाईत असते. त्यांच्यातला कॉम्प्युटर बोलतो, पण अर्धंच वाक्य. नव्या गॅरेजात स्कॅनर लावतात, स्कॅनर म्हणतो 'पेट्रोल जास्त जातंय', की लगेच एक सेन्सर बदलतात. गाडी तशीच. मग दुसरा बदलतात, मग कॉइल. गाडीवाला दमून शेवटी काकांकडे यायचा. काका आधी काही बदलायचेच नाहीत. प्लग काढून त्यांचा रंग बघायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पेट्रोल फवारणाऱ्या एकेका इंजेक्टरवर ठेवून मूठ कानाला लावायचे आणि आतली टिकटिक ऐकायचे. वायरींवर मीटर लावून आकडे घ्यायचे. काकू पूर्वी कपडे शिवायच्या. गॅरेजात आल्यापासून त्या शाळेच्या वहीत काकांचे आकडे उतरवून घेत, आणि आता त्यांनाही आकडा कुठे चुकतोय ते कळायला लागलं होतं. "अंदाज बांधायला मी काय ज्योतिषी आहे?" असं काका म्हणायचे. लोकांना ते पटायचं, कारण काकांकडून गेलेली गाडी सहसा परत येत नसे.

एक दिवस गणित शिकवणाऱ्या बाई आपली जुनी पांढरी गाडी घेऊन आल्या. बाई एकट्याच होत्या, घरात त्या आणि त्यांची म्हातारी आई. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे दवाखान्यात न्यायला-आणायला गाडीवाचून चालत नसे. गाडीची तक्रार अशी, की सकाळी बरी चालू होते, पण गरम झाल्यावर बंद केली की पुन्हा चालू व्हायला नखरे करते. उभी असली की इंजिन वर-खाली झोके घेतं, मधेच मिसिंग होतं, मागून काळा धूर येतो.

"दोन सेन्सर नवे टाकलेत," बाई म्हणाल्या. "प्लग नवे. आता ते म्हणतात, कॉम्प्युटरच बदला."

"काही बदलू नका. दोन तास ठेवून जा," काका म्हणाले.

प्लग काजळीने काळे झाले होते. इंजेक्टर चारही नीट बोलत होते. हवेचा फिल्टर स्वच्छ. मग काकांनी इंजिनाचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या वायरीला मीटर लावलं आणि वायर जराशी हलवली. आकडा टुणकन उडाला. सेन्सर चांगला होता, पण त्याचा जोड आतून गंजून हिरवा पडला होता. इंजिन तापलेलं असतानाही कॉम्प्युटरला ते थंडगार असल्याचं कळत होतं, आणि तो बिचारा पेट्रोल वाढवत होता.

"सापडला चोर!" काका म्हणाले. त्यांनी जोड साफ केला, तार नवी घातली. इंजिनाचे झोके थांबले. धूर कमी झाला. अगदी गेला नाही, कमी झाला.

काकू वही घेऊन बाजूला उभ्या होत्या. "अहो, वास अजून येतोय पेट्रोलचा."

"इतके दिवस जास्त पेट्रोल प्यायलंय, जायला वेळ लागेल."

"आणि ती बारकी नळी? ती नाही बघितलीत."

इंजेक्टरांना पेट्रोल पोचवणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक गोल डबी असते, तिला रेग्युलेटर म्हणतात. पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवायचं तिचं काम. तिच्या आत रबराचा पडदा असतो, आणि डोक्यावरून एक करंगळीएवढी रबरी नळी निघून इंजिनाच्या हवेच्या वाटेत जाते. त्या नळीत नुसती हवा असायला हवी. पडदा फाटला तर तिच्यातून पेट्रोल थेट इंजिनात ओढलं जातं. ना त्याला इंजेक्टर मोजतो, ना कॉम्प्युटरला त्याचा पत्ता लागतो. हे बघायला ना मीटर लागतं ना पाना. नळी उपसायची आणि टोक हुंगायचं. सगळं मिळून तीन सेकंदांचं काम.

काकांनी डबीकडे पाहिलं. तिच्या आत पेट्रोल दाबाखाली होतं. हात पुढे झाला, आणि उजवीकडे वळून बॉनेटच्या दांडीवर गेला.

"गरज नाही," ते म्हणाले. "कारण सापडलंय." आणि त्यांनी बॉनेट लावून टाकलं.

खोटं बोलल्यासारखं त्यांना वाटलं नाही. एक बिघाड खरोखरच सापडला होता. संध्याकाळी बाई गाडी घेऊन गेल्या, जाताना दोनदा आभार मानून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजला. काकूंनी उचलला आणि काकांच्या कानाला लावला.

"काका, गाडी बंद पडलीय." बाईंच्या आवाजामागे वाहनांची घरघर होती. "नदीच्या मोठ्या पुलावर, अगदी मधोमध. आईला दवाखान्यात नेत होते. दहा वेळा सेल्फ मारला, चालू होत नाही. आणि वास फार येतोय. थांबा, पुन्हा एकदा मारून बघते—"

"नको!" काका इतक्या जोरात ओरडले की छापखानेवाला दारात आला. "बाई, किल्लीला हात लावू नका! काढून घ्या ती. आणि आईंना खाली उतरवा, आत्ताच्या आत्ता. गाडीपासून लांब न्या."

"तिला पटकन उतरता येत नाही हो."

"उतरवा," काका म्हणाले.

काकूंनी स्कूटर काढली. काका मागे बसले. पूल दहा मिनिटांवर होता, आणि त्या दहा मिनिटांत काकांच्या डोळ्यांसमोर ती डबी होती, तिच्या डोक्यावरची नळी होती आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबलेला स्वतःचा हात होता. त्यांनी काकूंचा खांदा इतका घट्ट धरला होता की त्यांना स्कूटर सांभाळणं जड जात होतं.

पुलावर एका बाजूची वाहतूक खोळंबली होती. पांढरी गाडी बॉनेट वर करून उभी होती. आजी कठड्याला टेकल्या होत्या, बाईंनी त्यांना दोन्ही हातांनी धरलं होतं. ते बघून काकांच्या जिवात जीव आला, पण क्षणभरच. बॉनेटच्या आत एक माणूस कंबरेपर्यंत वाकला होता. मागे अडकलेल्या टेंपोचा ड्रायव्हर, मदतीला आला होता बिचारा. त्याच्या ओठांत पेटलेली सिगारेट होती.

काकांनी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. पाय आहेत तिथेच रुतले. सव्वीस वर्षांपूर्वीचा तो आवाज, तो फुस्स, त्यांना कानात अगदी स्पष्ट ऐकू आला.

काकू स्कूटर आडवी टाकून धावल्या. त्यांनी त्या माणसाचा शर्ट मागून धरून त्याला बाहेर ओढलं, तोंडातली सिगारेट उपसली आणि कठड्यावरून नदीत भिरकावली.

"अहो बाई, हे काय!"

"दुसरी घ्या नंतर! जिवंत राहिलात तर दोन घ्या! आधी लांब व्हा."

ड्रायव्हरने एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, मग नाकाने वास घेतला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो चार पावलं नव्हे, चांगली वीस पावलं मागे गेला.

आता काकांना पुढे जावं लागलं. हवेच्या जाड नळीच्या खालच्या अंगाला पेट्रोल जमा झालं होतं आणि तिथून थेंब थेंब गळत होतं. थेंब धूर नेणाऱ्या तापलेल्या लोखंडावर पडत होता, चर्र होत होता आणि उडून जात होता. मग दुसरा. काका ते मोजू लागले, तिसरा, चौथा, आणि आपण मोजत बसलोय हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

"अहो," काकू हलकेच म्हणाल्या, "बॅटरी काढायची?"

"नाही." आवाज परत आला होता, पण तो त्यांचा वाटत नव्हता. "टर्मिनल निघताना ठिणगी उडते. इथे नाही चालायचं. पंपाचा फ्यूज काढतो."

फ्यूज स्टिअरिंगखाली होता. त्यासाठी गाडीत डोकं घालावं लागणार होतं. काकांनी श्वास रोखला, गुडघ्यावर बसले आणि आत वाकले. पहिल्यांदा भलताच फ्यूज निघाला. तो परत बसवला. दुसऱ्यांदा बरोबर निघाला. आता किल्ली फिरली तरी पंप चालणार नव्हता. ते बाहेर आले तेव्हा अंगातला शर्ट पाठीला चिकटला होता.

मग बराच वेळ काहीच करायचं नव्हतं. इंजिन निवेपर्यंत फक्त लांब उभं राहायचं. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होते, कुणीतरी शिव्या देत होतं. काका दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभे राहिले आणि कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. थेंब थांबले. वाऱ्याने वास कमी केला. शेवटी त्याच टेंपो ड्रायव्हरने आणखी तिघं जमवले आणि सगळ्यांनी ढकलत गाडी पुलापार नेली. तिथून दोर बांधून ती गॅरेजात आली. काकांनी ती आत घेतली नाही, समोरच्या मोकळ्या जागेत उभी केली. गॅरेजाच्या दुसऱ्या बाजूला फर्निचरला पॉलिश मारायचं दुकान होतं, तिथेही पटकन पेट घेणारं थिनर.

पंपवाला लेकीकडे गेला होता, चार दिवसांनी येणार होता. थांबता आलं असतं. बाईंनीही घाई केली नव्हती. त्या पुलावरून रिक्षाने आईला घेऊन गेल्या होत्या आणि नंतर त्यांचा फोनही आला नव्हता. पण काकांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भावाला फोन केला.

"दादा, आज मी पेट्रोलची लाइन उघडतोय."

पलीकडे फाटकाची साखळी वाजली.

"पंपवाला नाही का तुझा?"

"नाही. पण म्हणून नव्हे."

"बरं." मग तो म्हणाला, "उघड्यावर कर. जोडाला कपडा गुंडाळ. आणि दिवा घेऊ नकोस जवळ."

"नाही घेत."

"झालं की फोन कर. तोवर मी जेवायचा थांबतो."

काकांनी फोन ठेवला. ते बाहेर आले. काकूंनी आग विझवायचा लाल सिलिंडर आणून दहा पावलांवर ठेवला होता आणि पिन काढून तयार उभ्या होत्या. पॉलिशवाल्याला त्यांनी तासभर दुकान बंद ठेवायला लावलं होतं. त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण शटर खाली होतं.

काकांनी आधी ती नळी उपसली. तिच्यातून पेट्रोल ओघळलं, चांगलं चमचाभर. काही हुंगायची गरजच नव्हती. पडदा फाटला होता, आणि तो काही काल फाटलेला नव्हता.

मग जोड. फ्यूज कालपासून बाहेर होता, इंजिन गार होतं, दाब बहुतेक उतरला असणार हे त्यांना कळत होतं. हे कळणं एका बाजूला आणि हात दुसऱ्या बाजूला. त्यांनी जाड कपडा जोडाभोवती गुंडाळला, पाना बसवला आणि काढला. परत बसवला.

"अहो, घाई नाही," काकू म्हणाल्या.

पाना पाव फेरा फिरला. कपड्याखाली बारीकसा आवाज झाला, कुणीतरी दातांतून श्वास सोडावा तसा. कपडा ओला झाला. थंडगार पेट्रोल काकांच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पाना सोडला नाही. आवाज थांबला. बाकी काही झालं नाही. रस्त्यावरून एक सायकल गेली, छापखान्यातलं मशीन खडखडत राहिलं.

रेग्युलेटर बदलायला पुढे वीस मिनिटं लागली. प्लग वाळवून, पेट्रोल मिसळलेलं ऑइल बदलून, बॉनेट तासभर उघडं ठेवून मग त्यांनी गाडी चालू केली. पहिल्या सेल्फला लागली. धूर नाही, झोके नाहीत. गरम करून बंद केली, पुन्हा लावली, तरी लगेच लागली. काकांना आनंद व्हायला हवा होता. पण ते नुसते पायरीवर बसून राहिले. भावाला फोन काकूंनीच केला.

संध्याकाळी बाई आल्या. काकांनी फाटलेला पडदा त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगून टाकलं. "हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. ही नळी काढायची होती, एवढंच. मी काढली नाही."

"विसरलात?"

"नाही. घाबरलो."

बाईंनी पडदा हातात घेतला, उजेडात धरून पाहिला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नाही."

बाईंनी पडदा परत खाली ठेवला. रागाने बोलल्या असत्या तर काकांनी मान खाली घालून ऐकलं असतं. पण त्या वर्गात उत्तर सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "आईला गाडीतून उतरायला चार मिनिटं लागली, काका. मी तिचे पाय एकेक करून बाहेर काढत होते, आणि तुम्ही फोनवर 'उतरवा' म्हणाला होतात त्या आवाजावरून मला कळलं होतं की काय होऊ शकतं." मग किल्ली घेऊन त्या गेल्या. पुढे त्यांनी ती गाडी विकली असं ऐकण्यात आलं. रस्त्यात भेटल्या तर मान हलवत, पण गॅरेजाची पायरी त्या पुन्हा चढल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं काकांना कधी वाटलं नाही.

काकांची भीती गेली, असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांनी पेट्रोलचा दाब मोजायचं घड्याळ विकत आणलं आणि ते वापरूही लागले, पण गाडी बाहेर मोकळ्यात ढकलून, सकाळच्या उजेडात, काकू दहा पावलांवर उभ्या असतानाच. पॉलिशवाल्याने फवारा सुरू केला की काम बंद. एखाद्या दिवशी धीर झाला नाही की ते सरळ पंपवाल्याला बोलवायचे. फरक एवढाच, की आता ते रस्त्यापलीकडे जात नसत, शेजारी उभे राहत.

आणि गाडीबरोबर जो कागद ते द्यायचे, त्यावर काय काय तपासलं ते लिहून झाल्यावर खाली आणखी एक ओळ येऊ लागली, 'तपासलं नाही', आणि तिच्यापुढे जे राहिलं असेल ते. गिऱ्हाइकांना ते विचित्र वाटे. एकाने तर कागद फडकावत विचारलं, "काका, न केलेलं काम कुणी लिहून देतं का?"

काकांनी त्याच्या हातून कागद घेतला आणि ती ओळ पुन्हा वाचली. पुढे लिहिलं होतं, 'दाब'. आभाळ भरून आलं होतं, उजेड कमी होता, म्हणून त्यांनी ते टाळलं होतं.

"उद्या सकाळी दहाला या," ते म्हणाले. "तोवर गाडी इथेच राहू द्या."

"आज चालवली तर काय होईल?"

"माहीत नाही," काका म्हणाले, आणि किल्ली त्यांनी खिशात टाकली.